झोप लागत नाही? आधी उठायची वेळ ठरवा, बाकी मग

झोपायची वेळ ठरवू नका, उठायची ठरवा. एवढं जरी पंधरा-वीस दिवस इमानदारीने केलं तरी बऱ्याच जणांचं निम्मं काम होऊन जाते, म्हणून सगळ्यात आधी तेच सांगते. मी कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते, त्यात चेतनेच्या अवस्था म्हणून एक टॉपिक असतो, झोप, स्वप्नं, नशा, संमोहन सगळं त्यात येते, आणि लेक्चर संपलं की पोट्टे थांबून जे विचारतात ते फिरून फिरून झोपेवरच येते. मॅडम झोपच येऊन नाही राहिली, मॅडम आईला रात्रीची गोळी चालू आहे ती सोडता येते का, मॅडम रात्री छातीवर कोणी बसल्यासारखं होते. तेच सगळं इथे एका जागी लिहून ठेवते, कोणाला पाठवायचं असलं तर पाठवा.

आता उठायचीच वेळ काऊन? कारण उठणं आपल्या हातात आहे, झोप लागणं नाही. झुरिचच्या अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये जे मॉडेल मांडलं ते आजही शिकवतात, त्यांचं म्हणणं असं की झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेची ओढ. जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जाते, जितका वेळ जागे तितकं जास्त, आणि झोपलं की ते कमी होते. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ, ते मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये असते आणि डोळ्यात जाणाऱ्या उजेडावर रोज सेट होते. गंमत अशी की हे घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा थोडं जास्तीचं असते, म्हणजे त्याला मोकळं सोडलं तर ते रोज थोडं उशिराकडे सरकते, म्हणूनच सुटीत पोरं एकला झोपता झोपता तीनवर जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. सकाळचा उजेड त्याला मागे ओढतो. रविवारी अकरापर्यंत लोळलात तर दोन्ही बिघडते, रात्रीपर्यंत ओढ कमी जमते आणि घड्याळ पुढे सरकते, मग रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारी डोकं जड.

तर सातही दिवस एकच वेळ, सहा म्हणजे सहा, फार तर अर्धा तास इकडे-तिकडे. रात्री दोनला झोप लागली तरी सहालाच. पहिले काही दिवस डोळे चुरचुरतील, कामात चिडचिड होईल, पण ती ओढच तिसऱ्या-चौथ्या रात्री आपल्या कामी येते. उठलं की अर्ध्या तासात बाहेर उजेडात जा. मे महिन्यात नागपूरला साडेपाचलाच उजाडते त्यामुळे अंबाझरी, सेमिनरी हिल्स, फुटाळा जिथे जमेल तिथे ऊन तापायच्या आत चक्कर होते, जानेवारीत सूर्य पावणेसातच्या पुढे येतो तेव्हा थोडं उशिरा जा. एवढं नाही जमलं तर गच्चीवर चहा घ्या, पण घरातल्या ट्यूबलाईटवर भागवू नका, ढगाळ सकाळचाही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

यासोबत आठवडाभर नोंद ठेवा. वहीत, सकाळी उठल्यावर, अंदाजाने: किती वाजता पडलो, किती वाजता झोप लागली असेल, मधे किती वेळ जागा होतो, कितीला उठलो, आणि काल दिवसभरात चहा-कॉफी, खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेला) किंवा सिगारेट, दारू, गोळी काय काय कधी घेतलं. रात्री घड्याळ बघून लिहू नका, घड्याळ बघणं स्वतःच झोप उडवते. हातातल्या बँडवरचे आकडेही फार मनावर घेऊ नका, गाढ झोप कमी दाखवली म्हणून दिवसभर टेन्शन घेणारे लोक आहेत आणि त्या टेन्शननेच पुढची रात्र जाते.

बेडचा नियम

हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा नियम. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला. ज्याला महिनोनमहिने झोप लागत नाही त्याच्या मेंदूला बेड म्हणजे जागं राहायची जागा अशी सवय लागलेली असते. तुम्हीच बघा, सोफ्यावर टीव्ही बघता बघता माणूस घोरतो आणि उठून बेडवर गेला की टक्क जागा. ती सवय मोडायची.

झोप आली तरच बेडवर जायचं, थकलो म्हणून नाही. थकवा वेगळा आणि झोप वेगळी, झोपेत पापण्या जड होतात, मान लुडकते. बेडवर झोप आणि नवरा-बायकोचं जे असेल ते, एवढंच, मोबाईल नाही, जेवण नाही, हिशोब नाही, सासरच्या गोष्टी नाही. अंदाजे पंधरा-वीस मिनिटं झाली आणि झोप नाही, किंवा कूस बदलून बदलून वैताग आला, की उठा. दुसऱ्या खोलीत नाहीतर खाली चटईवर बसा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, कपड्यांच्या घड्या घाला, जुनं मासिक चाळा. झोप आली की परत जा, नाही आली की परत उठा. पहिल्या रात्री चार वेळा उठावं लागलं तरी उठा. वन आरके मधे राहणाऱ्यांनी काय करायचं असं विचारतात, तर बेडची एक बाजू झोपायची आणि खुर्ची जागं राहायची असं ठरवा, खुर्चीही नसेल तर उशी उलट्या बाजूला घेऊन बसा, मेंदूला फरक कळायला हवा एवढंच.

दुपारची वामकुक्षी हा नागपूरचा हक्क आहे आणि उन्हाळ्यात ती मी कोणाला सोडायला सांगणार नाही, फक्त तीनच्या आत आणि वीस-पंचवीस मिनिटांची. दोन तास झोपलं की रात्रीची ओढ दुपारीच खर्च होते.

आता थोडी कडक पद्धत, जुनाट निद्रानाश असणाऱ्यांसाठी. जुनाट म्हणजे आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने किंवा जास्त. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये ही मांडली आणि स्लीप रिस्ट्रिक्शन, म्हणजे झोपेवर बंधन, हे नाव ऐकून लोक घाबरतात कारण यात बेडवरचा वेळ कमी करायचा असतो. समजा तुमच्या वहीप्रमाणे तुम्ही साडेदहाला पडता आणि साडेसहाला उठता, म्हणजे आठ तास बेडवर, पण त्यात खरी झोप सरासरी साडेपाच तास. मग बेडवर साडेपाच तासच राहायचं. उठायचं सहाला, म्हणून झोपायला जायचं साडेबाराला, त्याआधी कितीही डोळे मिटले तरी नाही. पाच तासांच्या खाली कोणीही जायचं नाही. आठवडाभरात झोप तुटायची कमी होते, साडेपाच तासांतले पावणेपाच-पाच तास सलग लागायला लागतात, म्हणजे बेडवरच्या वेळेच्या ८५ टक्के, मग पंधरा मिनिटं वाढवायची, सव्वाबाराला जायचं. पुन्हा आठवडा, पुन्हा ८५ टक्के जमलं तर पुन्हा पंधरा मिनिटं. जिथे दिवसा फ्रेश वाटते तिथे थांबायचं, मोठ्या माणसाला साधारण सात तास तरी लागतातच. पहिले दोन आठवडे दिवसा झोप येईल, गाडी चालवताना जपा. आणि ज्यांना फिट येतात, बायपोलर (कधी अति उत्साह, कधी अति उदासी असा आजार) आहे, झोपेत चालायची सवय आहे, गरोदर आहेत, किंवा ट्रक-ऑटो चालवून पोट भरतात त्यांनी हे स्वतःच्या मनाने अजिबात करू नये, डॉक्टरसोबतच करावं.

उठायची वेळ, बेडचा नियम, बेडवरचा वेळ आणि झोपेबद्दलच्या भीतीवर काम, या सगळ्याला मिळून निद्रानाशाची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायचा उपचार, म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की जुनाट निद्रानाशात पहिला उपचार हा, गोळी नंतर. आपल्याकडे उलटं होऊन राहिलं आहे, पहिल्याच भेटीत गोळी, आणि याचं मला खरंच वाईट वाटते, कारण ही पद्धत फुकट आहे आणि बहुतेकांना माहीतच नाही.

डोक्यात विचार फिरत राहतात त्यांच्यासाठी: संध्याकाळी सातच्या सुमारास पंधरा मिनिटं कागद घेऊन बसा आणि उद्याचं सगळं लिहून काढा, ईएमआय, पोरीची फी, बॉसचा मेल, प्रत्येकासमोर उद्याचं एक पाऊल. रात्री तोच विचार आला की तो कागदावर आहे हे आठवा. आणि झोप लागलीच पाहिजे हा हट्ट सोडा. बेडवर पडल्यावरची ती पहिली पंधरा-वीस मिनिटं अंधारात डोळे उघडे ठेवून नुसतं पडून राहा, मनाशी म्हणा की बघू किती वेळ जागं राहता येते. ऑस्ट्रियाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी ही उलटी युक्ती फार आधी सुचवली होती आणि ती चालते, कारण झोपेसाठी केलेला जोर हाच जागं ठेवतो.

उन्हाळ्याचं काय

एप्रिल-मे मधे पारा ४५ च्या वर आणि रात्री अकरालाही भिंत हाताला गरम, त्यात झोपेची पुस्तकातली माहिती वाचली की हसू येते. पण मूळ गोष्ट तीच आहे. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान खाली यायला लागते, रात्रभरात साधारण एक अंशाने उतरते, आणि ती उष्णता हाता-पायाच्या कातडीतून बाहेर पडते. खोली तापलेली असली तर ती बाहेर पडत नाही, म्हणून झोप लागायला उशीर आणि मधे मधे जाग.

कूलर लावताना एक गोष्ट बरेच जण चुकवतात, सगळी दारं-खिडक्या बंद करून कूलर चालवतात. कूलर पाणी उडवून हवा थंड करतो, ती ओली हवा बाहेर जायला जागा नसली की तासाभरात खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. कूलर खिडकीच्या बाहेरून कोरडी हवा ओढेल असा ठेवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. वाळ्याच्या ताट्या दरवर्षी बदला, जुन्या क्षाराने कडक झालेल्या ताट्यांतून पाणी नीट उतरत नाही. जूनमधे उमस सुरू झाली की कूलरचा पंप बंद, नुसता पंखा. कूलरच्या एकसारख्या आवाजाने झोपेला त्रास होत नाही, उलट बाहेरचे कुत्रे आणि गाड्या झाकल्या जातात.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं छत रात्रभर उष्णता सोडते, तिथे गच्चीला पांढरा रंग किंवा चुना मारा, फरक पडतो. पाणी पुरेसं असलं तर सूर्य बुडल्यावर गच्चीवर शिंपडा आणि मच्छरदाणी लावून तिथेच झोपा, जुने लोक करायचे ते बरोबरच होतं. फक्त गच्चीवर पहाटे पाचलाच उजेड डोळ्यावर येईल, तर झोपायची वेळ त्या हिशोबाने. झोपायच्या तास-दीड तास आधी अंघोळ करा, बर्फाच्या पाण्याने नाही, साध्या, तशीही टाकीतलं पाणी संध्याकाळी कोमट-गरमच येते. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि नंतर शरीर थंड व्हायला मदत होते. पाणी दिवसभर भरपूर प्या, पण रात्री नऊनंतर घोट घोट, नाहीतर बाथरूमसाठी उठावं लागते. आणि सावजी रस्सा खायचाच असला तर आठच्या आत, रात्री अकराला तर्री खाऊन आडवं झालं की छातीत जळजळ होणारच.

चहा, खर्रा, दारू, भांग

कॅफिनने ताकद येत नाही. ते मेंदूत अ‍ॅडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसते, म्हणून थकवा कळत नाही, अ‍ॅडेनोसिन मात्र साचतच राहते. निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारच्या चहातलं निम्मं रात्री नऊलाही आत आहे. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते याहूनही जास्त वेळ टिकते. २०१३ मधल्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तरी झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. एक कप चहात तेवढं नसते, पण टपरीवरचे चार-पाच कट आणि वरून एनर्जी ड्रिंक असं धरलं की आकडा वाढतोच. मला चहाने काहीच होत नाही म्हणणाऱ्यांची झोप लागते खरी, पण हलकी होते. दोन आठवडे दुपारी दोननंतर बंद करून बघा. एकदम सगळाच सोडू नका, डोकं दुखते, रोज एक कप कमी करत या.

खर्ऱ्याबद्दल कोणी झोपेच्या अंगाने बोलतच नाही. पन्नीत घोटलेल्या त्या सुपारीत अ‍ॅरेकोलीन आणि तंबाखूत निकोटिन, दोन्ही जागं ठेवणारे, आणि चुन्यामुळे निकोटिन गालातून लवकर रक्तात उतरते. खाल्ल्यावर रिलॅक्स वाटते कारण आधीची तलफ भागते, मेंदू मात्र उत्तेजितच होतो. निकोटिन दोनेक तासात निम्मं होते, म्हणून रात्री तीनला जाग येऊन उशाखालची पुडी शोधणारे लोक आहेत, आणि गालात धरून झोपणारेही आहेत. तोंडाचा कॅन्सर तर वेगळाच, तो आपल्या विदर्भात घरोघरी माहीत आहे. सोडायचाच आहे पण एकदम जमत नाही तर सुरुवात इथून करा: शेवटचा खर्रा संध्याकाळी सातच्या आत, रात्री पुडी बेडरूममधे नाही. सोडल्यावर आठवडा-दोन आठवडे झोप बिघडते, विचित्र स्वप्नं पडतात, ते निकोटिन उतरण्याचं लक्षण आहे, खर्ऱ्याशिवाय झोप नाही असा त्याचा अर्थ काढू नका.

दारूचा घोळ असा की ती झोप पटकन लावते आणि नंतरची मोडते. रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची म्हणजे रेम झोप दाबली जाते, मग दारू उतरली की दुसऱ्या भागात जाग, घाम, धडधड, भडक स्वप्नं. घशाचे स्नायू सैल पडतात म्हणून घोरणंही वाढते. झोपेसाठी म्हणून रोज एक पेग लावलेला माणूस काही महिन्यांत दोनवर जातो, कारण शरीर सरावते. आणि हे नीट वाचा: जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो त्याने एका दिवसात बंद करू नये. दोन-चार दिवसांत हात थरथरणं, नसलेले किडे-माणसं दिसणं, दिवस-रात्र न कळणं, फिट येणं असं होऊ शकते आणि त्यात जीव जातो. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली. बाधा नाही, दवाखान्यात न्या, भरती करून औषधाने दारू सुरक्षित सोडवता येते.

भांगेचा प्रश्न होळी आणि महाशिवरात्रीला येतो. पिऊन किंवा खाऊन घेतलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास लागू शकतात, काही होत नाही म्हणून लोक दुसरा ग्लास घेतात आणि मग दोन्ही सोबत चढतात. वेळ थांबल्यासारखी वाटणं, आता मी मरतो अशी भीती, एकाच गोष्टीवर हसत-रडत राहणं. अशा माणसाला शांत, कमी उजेडाच्या खोलीत बसवा, एकच ओळखीचा माणूस जवळ राहू द्या, त्याला सांगत राहा की ही भांग आहे, काही तासात उतरेल. गाडी नाही, वरून दारू नाही, व्हिडिओ काढणं तर मुळीच नाही. छातीत दुखलं, शुद्ध गेली, किंवा दुसऱ्या दिवशीही भास चालूच राहिले तर डॉक्टर. झोपेसाठी रोज गांजा ओढणाऱ्यांनी सोडला की काही दिवस इतकी भडक स्वप्नं पडतात की घाबरून परत सुरू करतात. दाबलेली रेम झोप परत येते म्हणून ते होते आणि हळूहळू निवळते.

झोपेच्या गोळ्या

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण घरातल्या मोठ्या माणसांचा प्रश्न आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम हा सगळा एकच परिवार. यातलं पहिलं औषध लिओ स्टर्नबाख यांनी १९५० च्या दशकात शोधलं, १९६० मध्ये ते बाजारात आलं, आणि तेव्हा वाटलं होतं की हे अगदी सुरक्षित आहे. या गोळ्या मेंदूला शांत करणाऱ्या गाबा रसायनाचा परिणाम वाढवतात. थोडे दिवस, मोठं दुःख, ऑपरेशन अशा वेळी डॉक्टरने दिल्या तर उपयोगी आहेत, मी त्यांच्या विरुद्ध नाही. पण काही आठवड्यांत शरीर सरावते आणि मग गोळी झोप देत नाही, ती नसल्याचा त्रास तेवढा थांबवते.

गोळी अचानक बंद केली की पहिल्या काही रात्री झोप आधीपेक्षाही वाईट होते. घरचे म्हणतात बघा, गोळीशिवाय झोपच नाही. हा गोळी सोडल्याचा तात्पुरता फटका आहे, मूळ आजार वाढला असं नाही, आणि हे आधीच माहीत असलं की निम्मे लोक घाबरून परत सुरू करणार नाहीत. तरीही स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही म्हणजे नाही, कारण बरेच महिने घेतलेली गोळी झटक्यात सोडल्यास फिट येऊ शकते. डॉक्टर आठवड्या-महिन्यांच्या हिशोबाने थोडी थोडी कमी करून देतात, मधे थांबतात, आणि सोबत वरची बेडची पद्धत चालू केली तर सोडणं बरंच सोपं जाते.

आजी-आजोबांना ही गोळी चालू असली तर रात्री बाथरूमला जाताना पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हा मोठा धोका. विसरणंही वाढते आणि सगळे वयावर ढकलतात. झोपेसाठी सर्दीची गोळी किंवा खोकल्याचं औषध देणारेही आहेत, म्हाताऱ्या माणसात त्यानेही गोंधळ होतो, लघवी अडते, देऊ नका. झोल्पिडेम नावाची गोळी वेगळ्या गटातली आहे, तिच्यात काही जण झोपेतच उठून चालतात, स्वयंपाक करतात, गाडीही काढतात आणि सकाळी काही आठवत नाही, अमेरिकेत २०१९ पासून तिच्या माहितीपत्रकात यासाठी सगळ्यात कडक इशारा छापावा लागतो. आणि यातली कुठलीही गोळी दारूसोबत घेतली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो.

या सगळ्या झोपेच्या गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि त्यातल्या अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम अशा काही शेड्यूल एच-वन या कायद्यातल्या कडक यादीत आहेत, त्यांची दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमधे नोंद ठेवावी लागते. ओळखीतल्या मेडिकलवरून नुसती पट्टी दाखवून आणत असाल तर ते थांबवा, त्यात तुमचाच डॉक्टर तुटतो आणि डोस कोणी बघत नाही. मेलाटोनिनचंही सांगून टाकते, ते शरीराला रात्र झाली एवढा निरोप देते, गुंगी आणणारं औषध नाही. घड्याळ फार उशिराकडे सरकलेल्यांना किंवा परदेशातून आलेल्यांना ठरावीक वेळी घेतलं तर फायदा, बाकी सरसकट नाही.

छातीवर कोणी बसते तेव्हा

जाग येते, खोली दिसते, हात-पाय हलत नाहीत, दारात कोणी उभं आहे असं वाटते, छातीवर दाब, आवाज निघत नाही. होस्टेलच्या मुली हे सांगताना अक्षरशः रडतात, आणि घरी सांगितलं तर उतारा आणि ताईत. १९५३ मध्ये शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी रेम झोप शोधली तेव्हापासून हे हळूहळू उलगडत गेलं. रेम झोपेत स्वप्नं पडतात आणि आपण स्वप्नाप्रमाणे हात-पाय चालवू नये म्हणून मेंदू स्नायू बंद ठेवतो. कधी कधी मन जागं होते आणि स्नायूंचं कुलूप उघडायला काही सेकंद, कधी मिनिट-दोन मिनिटं उशीर होतो, त्यात स्वप्नाचे तुकडे उघड्या डोळ्यांसमोर दिसतात. श्वास चालूच असतो, फक्त छातीचे स्नायू सैल म्हणून दाब वाटतो.

त्या वेळी पूर्ण अंग हलवायला जोर लावू नका, भीती वाढते. पायाचा अंगठा किंवा जीभ, एवढंच हलवायचा प्रयत्न करा, श्वास सावकाश सोडा, मनात म्हणा की हे जाईल. हे अपुऱ्या झोपेत, बिघडलेल्या वेळेत आणि पाठीवर झोपल्यावर जास्त होते, परीक्षेच्या दिवसांत म्हणूनच. कुशीवर झोपा, वेळ सुधारा, बहुतेकांचं कमी होते. मात्र याच्यासोबत दिवसाही आवरणार नाही अशी झोप येत असेल, किंवा जोरात हसताना गुडघे लुळे पडत असतील तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, तो नार्कोलेप्सी नावाचा आजार असू शकतो. झोप लागता लागता दचकून पाय झटकला जाणं मात्र सगळ्यांनाच होते, त्याची काळजी नको.

मिहानवाले, हिंगणा-बुटीबोरीवाले

नागपूरच्या या कंपन्या-कारखान्यांच्या भागांत नाईट शिफ्ट असते, आणि नाईट शिफ्टला वरचं सगळं तसंच्या तसं लागू होत नाही. सकाळी सुटल्यावर उजेड लागला की घड्याळ म्हणते दिवस झाला, म्हणून घरी येताना गडद गॉगल, कॅबमधे असाल तर डोळ्यावर पट्टी. घरी येऊन थेट अंधारी खोली, खिडकीला जाड काळा पडदा नाहीतर पुठ्ठा, डोअरबेल बंद, फोन सायलेंट. घरच्यांना समजावून सांगा की सकाळी आठ ते दुपारी दोन ही तुमची रात्र आहे, पाहुणे आले तरी उठवायचं नाही. हे घरचे पाळत नाहीत तोवर बाकी उपाय अर्धेच. शिफ्टच्या आधी संध्याकाळी दीड तासाची झोप मिळाली तर फार फरक पडतो. कॉफी शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यातच.

सकाळी वर्धा रोडने बाईक चालवत येणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सतरा तास सलग जागं राहिल्यावर हात-डोळ्याचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा बिघडतो. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. मान लुडकली, मधला रस्ता आठवेना, लेन सुटली की थांबा, चहा घ्या आणि तिथेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा, तेवढ्यात चहा चढतो.

डॉक्टरकडे कधी

पाच-सहा आठवडे हे सगळं करूनही फरक नाही, किंवा झोपेसोबत मन उदास, काही नको वाटणं, जीव द्यायचे विचार असं असेल तर थांबू नका. आणि उलट बाजू, तीन-चार तास झोपूनही दिवसभर भन्नाट उत्साह, बोलणं थांबत नाही, पैसे उडवणं, हेही आजाराचं लक्षण आहे आणि घरच्यांच्याच लक्षात येते. नागपुरात मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, मेयो हॉस्पिटलला आणि मिहानमधल्या एम्सला मानसोपचाराची ओपीडी आहे, सरकारी आहे, खर्च कमी. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येते.

जोरात घोरणं, मधे श्वास अडकून दचकून जाग, सकाळी डोकं दुखणं, बीपी आवाक्यात न येणं, हे एकत्र असलं तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, त्यात झोपेची गोळी उलट धोक्याची. त्याची झोपेत तपासणी होते आणि रात्री हवेचा दाब देणारं मशीन मिळते, ते १९८१ पासून वापरात आहे. जाताना आठवड्याची वही न्या, चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या न्या, बीपी-थायरॉईड-दम्याच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा, आणि बायकोला किंवा नवऱ्याला रात्री घोरण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवायला सांगा, डॉक्टरला त्यातून बरंच कळते.